कानावरचा वळ

१

माझा कान उत्तम आहे. हे आधीच सांगून टाकते, कारण गेली आठ वर्षं ज्याला त्याला हेच सांगत आले आणि कोणी धड ऐकून घेतलं नाही. इस्पितळातल्या डॉक्टरीणबाईंनी दोनदा तपासला, ग्वाल्हेरच्या कानाच्या डॉक्टरांनी एकदा. पलीकडच्या खोलीत कोणी बशीवर चमचा ठेवला तरी मला कळतं.

आज संध्याकाळच्या मेलने मी मुंबईला निघाले आहे, तिथून बोटीने इंग्लंडला. ट्रंक ओसरीवर ठेवली आहे. टांगा पाचला येईल आणि आत्ता तीन वाजलेत. वहिनी वाटेतले दशम्या-धपाटे बांधते आहे आणि मला हात लावू देत नाही. नुसती बसले तर डोकं फिरेल, म्हणून लिहायला घेतलं.

अठ्ठावन्न साली मी चोवीस वर्षांची होते. झाशीच्या एका मिशन इस्पितळात स्टाफ नर्स. मिशन दर वर्षी एका नर्सला सुईणपणाचं शिक्षण घ्यायला ब्रिस्टलला पाठवी. दोन वर्षं तिकडे शिकायचं आणि परत येऊन इथल्या मुलींना शिकवायचं. त्या साली माझं नाव लागलं. माझ्यासाठी ही केवढी गोष्ट होती ते आमचं घर पाहिल्याशिवाय कळणार नाही. दीड-दोनशे वर्षांपूर्वी आमचा कोणी पूर्वज सुभेदाराच्या कचेरीत लिहायला म्हणून पुण्याकडून इकडे आला, आणि तेवढ्या प्रवासाने आमचं घराणं जे दमलं ते दमलंच. त्यानंतर दतिया गेटच्या या गल्लीतून कोणी हललं नाही.

बाबांनी, म्हणजे गोपाळरावांनी, एका अटीवर होकार दिला: बाप्तिस्मा घ्यायचा नाही. मिशनची अट होती की रविवारची प्रार्थना चुकवायची नाही. माझ्या आत्म्याची काळजी दोन्हीकडे भरपूर होती. मला फक्त शिकायचं होतं. डॉक्टरीण सुट्टीवर असली की अडलेली बाई समोर तडफडायची आणि आम्ही तिचा हात धरून बसायचो, याचा मला वीट आला होता.

मेट्रनची, म्हणजे आमच्या मिससाहेबांची, आणखी एक अट होती. जाण्याआधी वीस गरोदर बायांचं केसबुक स्वतःच्या हाताने पुरं करायचं. प्रत्येकीची तारीख, पोटाची उंची, मूल कसं आहे ते, आणि बाळाच्या ठोक्यांचा आकडा. यात अवघड काही नव्हतं.

२

सोमवारी आणि गुरुवारी सकाळी मागच्या व्हरांड्यात बाया यायच्या. ठोके ऐकायला वीतभर लाकडी नळी असते. एका बाजूला रुंद तोंड, ते पोटावर ठेवायचं. दुसऱ्या बाजूला चकती, तिला कान लावायचा. कान टेकला की नळीवरचा हात काढून घ्यायचा, नाहीतर आपल्याच बोटांची खरखर ऐकू येते. मोकळा झालेला हात बाईच्या नाडीवर ठेवायचा, म्हणजे तिचे ठोके बाळाचे समजून मोजले जात नाहीत. मग घड्याळाच्या काट्यावर एक मिनिट. एकशेवीस ते एकशेसाठमध्ये असले की झालं. बराच वेळ ऐकलं की चकतीचा गोल, तांबूस वळ कानावर उमटतो. आम्ही नर्सेस त्यावरून एकमेकींना चिडवायचो.

पहिली बाई लक्ष्मी ताल नावाच्या तळ्याकडची होती, आठवा महिना. मी कान लावला. एक ठोका आला, दुसरा अर्धा आला, आणि बंद.

जागा चुकली असेल म्हणून नळी सरकवली. डावीकडे, उजवीकडे, बेंबीखाली, काही नाही. मिससाहेबांना बोलावलं. त्यांनी वाकून त्याच जागी कान लावला, ओठ हलवत मोजलं आणि म्हणाल्या, "एक सौ चालीस. अंबिका, ध्यान से सुनो."

मी पुन्हा कान लावला. आत कोणी नव्हतं.

दुसऱ्या बाईचं तेच झालं आणि तिसरीचंही. गुरुवारी आणखी चौघींचं. स्टेथोस्कोपने मोठ्या माणसांच्या छातीतलं सगळं मला ऐकू यायचं. नळीतून घड्याळाची टिकटिक ऐकली, टेबलावर नख मारून ऐकलं, सगळं स्वच्छ. म्हणजे कान ठीक, नळीही ठीक. मग मी काय ठीक नव्हते? घरी जाताना मला रस्त्यावर बसून रडावंसं वाटलं. ज्या एका गोष्टीसाठी मला सातासमुद्रापलीकडे पाठवत होते, तीच मला येत नव्हती.

तिसऱ्या आठवड्यात मिससाहेबांनी केसबुक मागितलं. मी ठोक्यांच्या रकान्यात १४० लिहिलं. पुढच्या बाईच्या नावापुढे १३६, मग १४४. बाया ठणठणीत होत्या, पोरं पोटात लाथा मारत होती, मग आकडा मनाने घातला तर कोणाचं काय बिघडणार होतं? मी स्वतःची अशी समजूत घातली. ती लगेच पटली, हे जास्त वाईट.

३

खरं सांगायचं तर ती शांतता रिकामी नव्हती. हे मी मिससाहेबांना कधी बोलले नाही. कसं बोलणार?

मास्तरांची पावलं दाराशी वाजली की वर्ग कसा गप्प होतो, तशी ती शांतता होती. सगळे जागच्या जागी आहेत, श्वास धरून आहेत, आणि मास्तर जायची वाट पाहताहेत. मी कान उचलला रे उचलला की बाई म्हणायची, "अब हिला, दीदी." मी पुन्हा वाकले की पोट दगडासारखं स्थिर. यावर मी बऱ्याच शास्त्रीय कारणांचा विचार केला. माझा कान जड टेकत असेल. मी घाबरते म्हणून माझ्याच कानात रक्त भरत असेल. इंग्रजी पुस्तकात असं काही लिहिलेलं नव्हतं.

इस्पितळात फूलमती नावाची म्हातारी दाई होती. मिशनच्या आधी तिने शेकडो बाळंतपणं घराघरांतून केलेली. नळीला ती भोंपू म्हणायची आणि तिला तो मुळीच आवडायचा नाही. बायांचे कपडे, चादरी आवरत ती मला रोज पाहत असे. एक दिवस व्हरांड्यात आम्ही दोघीच होतो तेव्हा ती म्हणाली, "बिन्नू, तुम कान लगाउत हो, सो बे चुप हो जात."

मी कान लावला की पोटातली पोरं गप्प होतात म्हणे! मी तिच्यावर ओरडले. तिच्या अडाणीपणाबद्दल वाटेल ते बोलले. ती चादरींच्या घड्या घालत राहिली, आणि मी खोलीत जाऊन थंड पाण्याने कान धुतला.

४

ऑगस्टच्या अखेरीस टहरौलीला तपासणीसाठी मिशनची जीप गेली. मिससाहेब, फूलमती आणि मी. गावाबाहेरच्या शाळेचा एक वर्ग आम्हाला दिला होता. बाकं भिंतीला लावून सतरंजी घातली. सकाळचं लख्ख ऊन खिडकीतून सतरंजीवर येत होतं.

चौथी बाई अगदी पोरसवदा, पहिलटकरीण, नववा महिना भरत आलेला. मी सवयीने कान लावला. मनात आकडाही ठरवून ठेवला होता, १३८.

आणि ठोके ऐकू आले.

स्वच्छ, भरगच्च, एकामागून एक. बोटाखाली तिची नाडी अठ्ठ्याऐंशी होती, म्हणजे हे तिचे नव्हते. मी घड्याळावर पुरं मिनिट मोजलं, एकशेचाळीस. मग नुसताच आनंद म्हणून आणखी एक मिनिट मोजलं. मला इतकं हलकं वाटलं की डोळे भरून आले. झालं, जमलं मला. आता ब्रिस्टल. मी हसत मान वर केली आणि मिससाहेबांना म्हटलं, तुम्हीही ऐकून बघा.

त्यांनी ऐकलं. नळी सरकवून ऐकलं. बराच वेळ त्या वाकून होत्या. मग त्यांनी बाईला हिंदीत विचारलं, मूल शेवटचं कधी हललं? ती पोरगी म्हणाली, परवापासून नाही.

मी पुन्हा कान लावला. ठोके चालूच होते. "मला ऐकू येतंय," मी मराठीतच म्हणाले. मिससाहेबांनी माझा दंड धरून मला उठवलं.

त्याच दुपारी तिला कळा सुरू झाल्या आणि ती तिथेच मोकळी झाली. मुलगा. दोन दिवसांपूर्वीच गेलेला होता. कोणालाही दिसावं असं. मिससाहेब आईकडे पाहत होत्या. मूल फूलमतीच्या हातात होतं, आणि ते पुसता पुसता तिचा हात थांबला. मी वाकून पाहिलं.

त्याच्या डाव्या कानावर गोल, तांबूस वळ होता. रुपयाएवढा, बारीक कडेचा. मी अजाणता स्वतःच्या डाव्या कानाला हात लावला. सकाळचा माझा वळ अजून गेला नव्हता.

फूलमतीने कापड वर ओढलं आणि त्याचं डोकं झाकलं.

५

परत येताना मिससाहेब एवढंच म्हणाल्या की ज्याची फार इच्छा असते ते कधीकधी ऐकू येतं. त्यांनी माझी चूक केसबुकात नोंदवली नाही. चांगली बाई. मला मात्र त्या चांगुलपणाचा रागच आला, कारण इच्छेने ऐकू आलं असतं तर आधीच्या चौदा बायांच्या वेळी इच्छा काय झोपली होती?

बोट सप्टेंबरच्या अठरा तारखेची होती. आठ तारखेला आमच्या घरी कांचनवहिनीचं डोहाळजेवण होतं. माझा भाऊ यज्ञेश्वर रेल्वेत कारकून, आणि हे त्यांचं लग्नानंतर सहा वर्षांनी होणारं पहिलं मूल. झाशीतल्या आमच्या मराठी घरांतल्या झाडून साऱ्या बायका जमल्या होत्या. हिरवी साडी, फुलांचे दागिने, वहिनी चौरंगावर बसलेली. दोन झाकल्या वाट्यांपैकी तिने एक उघडली आणि बर्फी निघाली, म्हणजे मुलगी. बायका हसल्या.

मग शेजारच्या शकुंतलाकाकूंनी टूम काढली. "अंबू, विलायतेला चाललीस ना? मग आम्हाला जरा तुझी विद्या दाखव. तो भोंपू आण."

मी नाही म्हटलं. पिशवी इस्पितळात राहिली असंही म्हटलं. पण वहिनीनेच खुंटीवरची पिशवी दाखवली आणि म्हणाली, "वन्सं, ऐका ना. तुम्ही गेल्यावर मला कोण सांगणार?" गेले दोन महिने ती मला हे विचारत होती आणि मी टाळत होते. माझ्यावर या बाईची फार माया. शिकायला जाऊ दे म्हणून बाबांच्या मागे ती लागली होती, दादा नाही.

मी गुडघे टेकून बसले. देवाला म्हटलं, कोणत्याही देवाला, मला काही ऐकू येऊ देऊ नकोस.

कान लावला. लगेच आले. भरगच्च, एकामागून एक. बायका ओळीने गप्प होऊन माझ्या तोंडाकडे पाहत होत्या. आणि मी ऐकत असताना नळीच्या दुसऱ्या टोकाला आतून काहीतरी टेकलं. लाथ नव्हे. लाथ मला ठाऊक आहे. हळूच टेकलं आणि तसंच टेकून राहिलं.

"वाजतंय ना?" वहिनीने विचारलं.

आकडा माझ्या जिभेवर तयार होता. चौदा वेळा असाच मनाने लिहिलेला. एकशेचाळीस म्हटलं असतं तर टाळ्या पडल्या असत्या आणि दहा दिवसांनी मी बोटीवर असते.

"वहिनी, ऊठ," मी म्हटलं. "आत्ताच्या आत्ता इस्पितळात चल."

६

पुढचं लिहायलाही संताप येतो. भरल्या ओटीच्या बाईला मी अभद्र बोलले, असा ओसरीवर कल्लोळ झाला. दादा मला मारायचाच बाकी होता. वहिनी मात्र मुकाट्याने टांग्यात बसली. मिससाहेबांनी ऐकलं, एकशेचव्वेचाळीस. मूल हलत होतं, सगळं जिथल्या तिथे. सर्वांनी माझ्याकडे पाहिलं.

म्हणजे माझा कान सुधारला, असंही असू शकतं. मी तेच मानायला तयार होते. दुसऱ्या दिवशी व्हरांड्यात तीन बायांना कान लावून पाहिला. तिघींचं सगळं गप्प.

मग मी मिससाहेबांच्या खोलीत गेले आणि केसबुकातले चौदाही आकडे खोटे आहेत हे सांगून टाकलं. म्हटलं, वहिनी सुटेपर्यंत मी झाशी सोडणार नाही. त्यांनी केसबुक कपाटात ठेवलं आणि कुलूप लावलं. बोट गेली. माझ्या जागी दुसरी मुलगी गेली, जिला रक्त पाहून घेरी यायची.

नोव्हेंबरात वहिनी मिशनमध्येच सुखरूप बाळंत झाली. मुलगी, सात पौंड, जन्मताच अशी रडली की फाटकावरच्या चौकीदाराला ऐकू गेलं. दादा बर्फी वाटत सुटला. मला द्यायला तो विसरला. बाळाला आधी मी घेतलं, पुसलं, आणि डावा कान पाहिला.

वळ होता. दोन दिवसांत गेला. मिससाहेब म्हणाल्या, पोटात खांदा दाबून राहिला असेल. असेल. मला ब्रिस्टल मिळालं नाही, आणि कोणाचा जीवही मी वाचवला नव्हता. मी नेमकं कशासाठी थांबले होते, हे मला आजतागायत कोणी सांगू शकलेलं नाही.

७

मुलीचं नाव इंदू. पुढच्या नोव्हेंबरात आठ पुरी होतील. कोणी भलतंसलतं समजू नये म्हणून सांगते, पोरगी हुशार आहे, पंचवीसपर्यंतचे पाढे पाठ, भाजीत कांदा दिसला की भांडण. मराठी सगळी समजते पण बोलते हिंदीत, इथल्या सगळ्या पोरांसारखी. माझ्याशिवाय तिचं पान हलत नाही. आणि मला नळीतून या आठ वर्षांत ज्या एका जिवंत माणसाचे ठोके ऐकू आले, ते तिचे. लहानपणी ताप आला की मी ऐकत असे.

एक सवय आहे तिला. कान लावायची. पाण्याच्या माठाला, भिंतीला, शेजारच्या गाभण गाईला. दुपारी मी काही लिहीत बसले की मागून येऊन गळ्यात हात टाकते आणि पाठीला कान लावते. चार वर्षांची होती तेव्हा मी विचारलं, काय ऐकू येतं गं?

"कुछ नहीं," ती कंटाळून म्हणाली. "आत्या, तेरा वाला चुप हो जाता है. मम्मी का भी. सबका."

मला त्या दिवशी किती बरं वाटलं ते सांगता येणार नाही. वेड नव्हतं ते माझं. आणखी कोणालातरी तसंच ऐकू येत होतं. आणि गप्प होतं म्हणजे सगळं ठीक आहे, एवढं टहरौलीनंतर मला समजत होतं. तिने पाठीला कान लावावा, कंटाळून उठावं, आणि मी निश्चिंत व्हावं, असा आमचा नेमच झाला.

मिससाहेब निवृत्त होऊन मायदेशी गेल्या. त्यांच्याच चिठ्ठीवरून यंदा माझं नाव पुन्हा लागलं. वय बत्तीस, ही मिशनची शेवटची मर्यादा. याच्यापुढे संधी नाही. या वेळी काही झालं तरी थांबायचं नाही, असं मी वहिनीला सांगून ठेवलं आहे. ती म्हणाली, "थांबलात तर मीच ढकलून देईन."

वरची ओळ लिहून झाली आणि इंदू शाळेतून आली. ट्रंक पाहून जरा फुरंगटली. मग नेहमीप्रमाणे मागून गळ्यात पडली आणि पाठीला कान लावला. आज बराच वेळ लावला. तिने श्वास धरलेला मला कळत होता. बाहेर वहिनी दशम्यांना फडकं शोधत होती.

"आत्या," ती म्हणाली, "आज बज रहा है."

मी लेखणी खाली ठेवली.

"रोज चुप हो जाता था. आज नहीं हुआ. कितना अच्छा बज रहा है." मी वळून पाहिलं. इतका आनंद तिच्या तोंडावर मी कधी पाहिला नव्हता. टहरौलीच्या त्या वर्गात माझ्या तोंडावर तोच असणार. डाव्या कानावर माझ्या पोलक्याच्या शिवणीची खूण उमटली होती. आईला सांगायला ती धावत गेली.

मी उजव्या हाताने डाव्या मनगटाची नाडी धरली आणि घड्याळ समोर ठेवलं. एक मिनिट. अठ्ठ्याहत्तर. पुन्हा मोजली, अठ्ठ्याहत्तर. हात गरम आहे. शाई नीट उतरते आहे. शिवणीची खूण ही शिवणीचीच खूण असते.

बाहेर टांग्याची घंटा वाजते आहे. वहिनी दुसऱ्यांदा हाक मारते आहे आणि तिच्या आवाजात रडू आहे, निरोपाचं असेल. मला उठायचं आहे. नाडी अजून लागते आहे. आकडा मी मोजून लिहिला आहे, या वेळी मनाने घातलेला नाही.